पुराव्यासाठी मुदत मागावी, की आत्याची साक्ष आधी उरकावी? (दिवाणी दावा, पुणे)

मुठेकाठची | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहिते आहे पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

नारायण पेठेत आमचा जुना वाडा आहे, पणजोबांचा. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांनी १९५८ साली नोंदणीकृत वाटणीपत्र करून तो वाटून घेतला. रस्त्याकडचा भाग आजोबांना, मागचा चौक आणि त्यापलीकडच्या खोल्या धाकट्या आजोबांना. जिना आणि हौद सामाईक. तेव्हापासून दोन चुली, दोन मीटर, महापालिकेचा करही वेगवेगळा. २०१९ मध्ये धाकट्या आजोबांच्या नातवांनी दावा लावला की वाटणी कधी झालीच नाही, सगळा वाडा एकत्र कुटुंबाचा आहे, अर्धा हिस्सा द्या. आम्ही प्रतिवादी.

मूळ वाटणीपत्र आमच्याकडे नाही. आजोबांची कागदांची ट्रंक तळमजल्यावर होती आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांमधल्या जुन्या माणसांना पुढचं सांगायला नको. ट्रंक सापडली, पण आत नुसता चिखल.

वादींचा पुरावा जूनमध्ये संपला. आता आमची पाळी. आम्ही आधीच दोन तहकुब्या घेतल्यात. एकदा आमचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, एकदा बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पुढची तारीख २१ ऑगस्ट. वकीलसाहेब म्हणतात, "पुरावा गोळा करायला वेळ हवा असा अर्ज देऊ, सहा महिने मागू." नोंदणी कार्यालयात नोंदलेल्या दस्तांची १९५८ ची सूची शोधून झाली, त्यात आमचा दस्त नाही. पणजोबांचं खरेदीखत मोडीत आहे, त्याचं लिप्यंतर व्हायचंय. करआकारणीचे जुने उतारे मागितलेत, तेही आलेले नाहीत.

माझी खरी काळजी आत्याची आहे. आत्या ८६ वर्षांची. वाटणीपत्रावर सह्या झाल्या तेव्हा ती १९ ची होती आणि माजघराच्या दारात उभी राहून तिने सगळं पाहिलं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे, त्यांना जेमतेम आठवतं. गेल्या महिन्यात आत्या पडली. डोकं लख्ख आहे, पण बोलताना दम लागतो. सहा महिने मागितले आणि त्या सहा महिन्यांत तिचं काही झालं तर? आणि मुदत नाही मागितली, तर कागदाशिवाय आम्ही उभे कशावर राहणार? चार रात्री झोप नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

---

कोथरूडकर | १० ऑगस्ट, रात्री १०.१५

एका पक्षाला तीनच तहकुब्या मिळतात ना? तसं असेल तर ही तुमची शेवटची. नीट विचार करून वापरा.

---

दिवाणीवाली | ११ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी शिवाजीनगरला २२ वर्षं दिवाणी बाजूची वकिली करते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत आणि तुमच्या वकिलांच्या जागी मी नाही, हे धरून वाचा.

कोथरूडकर, नियम तसाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७, नियम १. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, ही अट जुलै २००२ पासून आहे. सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली, पण माणसाच्या हाताबाहेरचं कारण असेल तर चौथीही देता येते असं सांगितलं. अचानक रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, भूकंप, त्सुनामी, अशा तोडीची कारणं तिथे दिली आहेत. "कागद अजून मिळाला नाही" हे त्यात आपोआप बसत नाही. २०११ च्या शिव कॉटेक्सच्या निकालात तर तीन वेळा संधी देऊनही वादीने पुरावा आणला नाही म्हणून फेटाळलेला दावा उच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने परत फेटाळला.

आणि ताई, वकील दुसऱ्या कोर्टात अडकले हे संहितेप्रमाणे तहकुबीचं कारणच होत नाही. ती तुम्हाला मिळाली हे कोर्टाचं औदार्य, पण कोर्टाच्या रोजनाम्यात ती तुमच्या नावावर मोजली गेली आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही "मुदत की आत्या" असा प्रश्न मांडलाय. मला तिथेच घोळ दिसतो. आत्यांची साक्ष आणि वाटणीपत्राची नोंदणी कार्यालयातली नक्कल हे दोन वेगळे पुरावे नाहीत, पहिल्यावर दुसरा उभा आहे. दस्त हरवला असेल तर त्यात काय लिहिलं होतं हे तो स्वतः न वाचलेल्या माणसाने तोंडी सांगून चालत नाही. "वडिलांना पुढचा भाग मिळाला असं कागदात होतं" असं आत्या म्हणाल्या की समोरचे वकील हरकत घेणार, आणि ती बरोबरच असेल. पण दस्त झाला, सह्या कोणी केल्या, मूळ कागद कोणाच्या ताब्यात होता, तो पुरात कसा गेला, त्यानंतर कोण कुठे राहिलं, हे सगळं त्या सांगू शकतात. आणि हे सिद्ध झालं की मगच नकलेला दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ कागदाच्या जागी चालणारा पुरावा, म्हणून दार उघडतं. पुराव्याच्या जुन्या कायद्याचं कलम ६५. तुमचा दावा १ जुलै २०२४ च्या आधीपासून सुरू असल्याने १८७२ चाच कायदा लागू राहील, नव्या साक्ष्य अधिनियमातली कलमं शोधत बसू नका.

म्हणजे क्रम असा की आत्या आधी, नक्कल नंतर. सहा महिने मागून तुम्ही नेमकं उलट करायला निघालात.

---

पौडरोड | ११ ऑगस्ट, दुपारी १.३०

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. वादी. आमच्या एका वेगळ्याच दाव्यात प्रतिवादी दर वेळी "पुरावा गोळा करायचा आहे" म्हणत राहिले. कधी नकाशा, कधी उतारा, कधी परगावचा साक्षीदार. माझे वडील प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून, डबा घेऊन, सव्वादहाला कोर्टात हजर असायचे. बोर्डावर नंबर यायचा, अर्ज यायचा, पुढची तारीख पडायची. त्यांची उलटतपासणी अर्धी राहिलेली असताना ते गेले. मग वारस रेकॉर्डवर आणायचे अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, आणखी तारखा. जो कागद गोळा करायचा म्हणून ते चार वर्षं वेळ मागत होते, तो शेवटपर्यंत दाखल झाला नाही.

ताई, तुमचं खरं असेलही. पण तुमच्या भावकीतही कोणी म्हातारं माणूस बाकावर बसून असेल, त्याचाही विचार करा. मुदत मागणाऱ्याला ती एक तारीख वाटते. समोरच्याचं मात्र वय जात असतं.

---

मुठेकाठची | ११ ऑगस्ट, रात्री ८.५०

पौडरोड, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बराच वेळ काही लिहवेना. हो, त्या बाजूलाही एक काकू आहेत, धाकट्या आजोबांच्या सूनबाई, ७८ च्या. दावा त्यांच्या मुलांचा, पण दर तारखेला त्या येतात. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. लहानपणी त्यांच्याच हातचे कानवले खाल्लेत.

दिवाणीवाली ताई, आत्यांना कोर्टात नेणं अशक्य आहे. मेट्रोने गेलं तरी दोन जिने चढून साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, तासभर उलटतपास द्यायचा, हे तिच्याने होणार नाही.

---

सदाशिवपेठी | ११ ऑगस्ट, रात्री ९.२०

सोपं आहे. आत्यांच्याच नावाचं डॉक्टरी सर्टिफिकेट जोडा, दोन महिने अंथरुणावर असं लिहून घ्या, तारीख मिळेल. तोवर कागद शोधा. सगळे करतात.

---

दिवाणीवाली | ११ ऑगस्ट, रात्री १०.४०

सदाशिवपेठी, असं करू नका आणि कोणाला सांगूही नका. तो अर्ज प्रतिज्ञापत्रावर जातो. उद्या आत्यांची साक्ष झाली की पहिला प्रश्न हाच येईल, "दोन महिने तुम्ही अंथरुणावर होतात का?" त्या खरं बोलणार, आणि त्यांची बाकीची साक्षही त्या एका उत्तराने डागाळणार. ज्या साक्षीदारावर सगळी भिस्त आहे तिच्याच नावाने खोटं लिहायचं? खरं लिहूनही हवं ते मिळतं.

आत्या खरोखर अशक्त आहेत. अशा साक्षीदारासाठी आदेश २६ मध्ये कमिशनची तरतूद आहे. कोर्ट एखाद्या वकिलाला आयुक्त नेमतं, तो घरी येतो, दोन्ही बाजूंचे वकील येतात, सरतपासाचं (आपल्या बाजूने द्यायच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र आधीच दिलेलं असतं, उलटतपास घरीच होतो. शिवाय आदेश १८ नियम १६ खाली पुरेसं कारण दाखवून साक्ष लगेच नोंदवून घ्या असं मागता येतं. डॉक्टरांचं खरं प्रमाणपत्र जोडा, वय, पडल्याची तारीख, दम लागतो हे सगळं. म्हणजे हा अर्ज साक्ष लवकर घ्या असं म्हणणारा आहे. तो तहकुबीत मोजला जायचं कारण नाही.

आणि अर्जातून मोडी खरेदीखत काढून टाका. वाडा पणजोबांचा होता हे दोन्ही बाजूंना मान्य आहे ना? मग ते सिद्ध करायला कोर्टाचा एक दिवसही मागू नका. ज्याने निकाल बदलतो तेवढ्यासाठीच वेळ मागायचा.

---

जुना दस्त | १२ ऑगस्ट, सकाळी ६.१०

नोंदणी खात्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. ताई, एक विचारतो. वाटणीपत्रावर सह्या नेमक्या कधी झाल्या? १९५८ म्हणालात, पण महिना?

---

मुठेकाठची | १२ ऑगस्ट, सकाळी ८.२५

काका, आत्ताच आत्याला फोन केला. म्हणाली, "दत्तजयंतीच्या आसपास. घरात सुंठवडा होता आणि थंडी होती. तुझे आजोबा शाल पांघरून सही करत होते."

---

जुना दस्त | १२ ऑगस्ट, सकाळी ९.००

मग १९५८ च्या सूचीत तो नसणारच. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची, म्हणजे डिसेंबर. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करता येतो, नोंदणी कायद्याचं कलम २३. दंड भरून आणखी चार महिने, कलम २५. त्या काळी लोक मुद्रांक आणून, सह्या करून, सवडीने कचेरीत जायचे. सूचीत दस्त नोंदणीच्या वर्षाखाली लागतो. दस्तावर १९५८ लिहिलेलं असेल, पण तुम्ही १९५९ ची सूची पाहायला हवी. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत.

आणखी एक. सूची १ नावांची, सूची २ मिळकतीची. सूची २ मध्ये पेठेप्रमाणे आणि तेव्हाच्या घर नंबरप्रमाणे बघा. आजचा सिटी सर्व्हे नंबर घेऊन गेलात तर चुकाल. जुना घर नंबर कराच्या जुन्या पावतीवर असतो. सूची १ मध्ये दोन्ही भावांची नावं शोधा, आडनाव आणि बापाचं नाव असं दोन्ही प्रकारे. पूर्वी काही कारकून आडनावाऐवजी "अमुक बिन तमुक" असंच चढवायचे. पुस्तक क्रमांक १ (मिळकतीचे दस्त ज्यात उतरवतात ते) आणि त्याच्या सूच्या फी भरून कोणालाही पाहता येतात, कलम ५७. तिथूनच प्रमाणित नक्कल मिळते आणि मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ती कोर्टात चालते, त्याच कलमाचं पोटकलम ५.

अर्ज दिला की पोच घ्या. तोंडी विचारलं आणि "नाही" ऐकून परत आलं, तर कोर्टाच्या लेखी तुम्ही तिथे गेलाच नाहीत.

---

मुठेकाठची | १२ ऑगस्ट, रात्री ७.१५

काका, तुम्हाला मनापासून नमस्कार. तीन महिने आम्ही त्या एकाच वर्षाच्या सूचीत डोकं घालून बसलो होतो. कोणीच हे सांगितलं नाही. १९६० ची कराची एक पावती बाबांच्या पोथीत सापडली, नदीच्या पाण्यातून वाचलेली, त्यावर घर नंबर आहे. उद्याच जाते.

---

दिवाणीवाली | १२ ऑगस्ट, रात्री १०.०५

नक्कल २१ च्या आत हातात नाही आली तरी काळजी करू नका. पण अर्ज भरलेला, पोच असलेला, सूचीतला अनुक्रमांक लिहिलेला असू द्या. मग कोर्टापुढे असं मांडा: काय हवं आहे, ते कुठे आहे, आम्ही कोणत्या तारखेला मागितलं, किती दिवस लागतील. "पुरावा गोळा करण्यासाठी सहा महिने" या वाक्याला कोणतंही कोर्ट वैतागतं. "पुस्तक १ मधल्या अमुक दस्ताच्या नकलेसाठी चार आठवडे" याला सहसा नाही म्हणत नाही. सोबत दुय्यम निबंधकांना (नोंदणी कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना) मूळ पुस्तक घेऊन येण्याचं समन्स काढा असा अर्ज, आदेश १६. कार्यालयाने नकलेला उशीर केला तरी पुस्तक कोर्टात येईल. तुमच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) वाटणीपत्राचा उल्लेख आहे ना? मग उशिरा कागद दाखल करायची परवानगी, आदेश ८ नियम १अ, मागायला अडचण नाही. उल्लेखच नसता तर कठीण होतं. आणि खर्च द्यायची तयारी अर्जातच लिहा. समोरच्यांचा दिवस तुमच्यामुळे जातोय, त्याची भरपाई आपणहून देऊ केलेली बरी.

तुमच्या वकिलांना हे माझं नाव न घेता सांगा, पण सांगा. त्यांना राग येईल असं वाटत असेल तर चहा घेऊन शांतपणे बसा. अशील गृहपाठ करून आला की वकिलालाही बळ येतं.

---

कोथरूडकर | १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

एक शंका. अर्ज नामंजूर झाला तर? कोल्हापूरला १८ तारखेपासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू होतंय, तिकडे जाता येईल का?

---

दिवाणीवाली | १३ ऑगस्ट, दुपारी २.१०

नाही. कोल्हापूरच्या बेंचकडे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पुणे मुंबईलाच. संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट करता येतं, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. तिथवर जायची वेळ न येणं बरं.

---

मुठेकाठची | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

आजचा वृत्तांत सांगते. हात अजून थरथरतोय.

आधी हे, की दस्त सापडला! १९५९ ची सूची २, नारायण पेठ, जुना घर नंबर, फेब्रुवारीतली नोंदणी. दोन्ही आजोबांची नावं एकाखाली एक. मी तिथेच बाकावर बसून रडले. नकलेचा अर्ज दिला, पोच घेतली. पुस्तक जीर्ण आहे, वेळ लागेल म्हणाले.

वकीलसाहेबांशी सोमवारी बसले. सुरुवातीला ते गप्प होते, मग म्हणाले, "दस्त सापडला म्हणता, मग सहा महिन्यांचं काढून टाकू." आज तीन अर्ज दिले. आत्यासाठी कमिशन, निबंधकांना समन्स, आणि नकलेसाठी पाच आठवडे. समोरच्या वकिलांनी जोरात विरोध केला. सहा वर्षं हे झोपले होते का, म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. न्यायाधीशांनी सूचीचा उतारा आणि पोच पाहिली, आमच्या वकिलांना विचारलं, "आधी का नाही?" त्यांनी सरळ सांगितलं की शोध चुकीच्या वर्षात घेतला गेला. आदेश असा: चार आठवडे, ही शेवटची संधी, वादींना ₹ ३,००० खर्च, आणि आत्याची साक्ष त्याआधी घरी घ्यायची. खर्च मी तिथेच दिला.

बाहेर पडताना काकू जिन्यात भेटल्या. मी पहिल्यांदाच थांबले आणि म्हटलं, "तुम्हाला परत यावं लागलं, माफ करा." त्या काही बोलल्या नाहीत, पण थांबल्या होत्या.

---

पौडरोड | २१ ऑगस्ट, रात्री ९.००

चार आठवडे म्हणजे चार आठवडेच असू द्या. तुमच्यासाठी आणि त्या काकूंसाठीही. बरं वाटलं वाचून.

---

मुठेकाठची | १४ सप्टेंबर, सकाळी १०.२०

काल आत्याची साक्ष झाली. तिच्याच खोलीत, खिडकीपाशी. आयुक्त, दोन्ही वकील, टंकलेखक, आणि वादींकडून काकूंचा मोठा मुलगा. आत्याने नऊवारी नेसायचा हट्ट धरला.

उलटतपास पावणेदोन तास चालला, मध्ये दोनदा पाणी घ्यायला थांबलो. समोरच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही दस्त वाचला होता का? ती म्हणाली, "नाही. सह्या करताना पाहिलं. धाकट्या काकांचा हात कापत होता, माझ्या वडिलांनी दौत धरून ठेवली." पुढे पुराचं. ट्रंक कोणी उघडली? "मी. कुलूप गंजलं नव्हतं, पण आतलं सगळं लगदा. वडील म्हणाले, नोंद आहे सरकारात, रडू नकोस." वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायला जरा वेळ घेतला.

दिवाणीवाली ताई, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. दस्तात काय होतं यावर एक प्रश्न आला, आत्या बोलायला लागली, हरकत आली, हरकतीसह उत्तर नोंदवलं गेलं. बाकी सगळं स्वच्छ.

सगळे गेल्यावर आत्या दमून पडली. मग म्हणाली, "तो मुलगा आजोबांसारखा दिसतो गं. त्याला चहा दिलास का?" दिला होता.

जुना दस्त काका, नक्कल परवा मिळणार असा फोन आलाय. मिळाली की इथे कळवते.

---

जुना दस्त | १४ सप्टेंबर, सकाळी ११.०५

नक्कल हातात घेतली की तिथेच उभं राहून सगळी पानं मोजा, आणि शिक्का प्रत्येक पानावर आहे ना ते बघा. शेवटच्या पानावर ओळख पटवणाऱ्यांच्या सह्या असतात, ते पान कधी कधी राहून जातं. अधिकाऱ्याची सही आणि तारीख बघूनच टेबल सोडा.

---

मुठेकाठची | १६ सप्टेंबर, दुपारी ४.४५

अकरा पानं. मोजली. शेवटचं पान आहे. "जिना व हौद उभयतांचे सामाईक", अगदी आत्या सांगायची तसं. उद्या वकिलांकडे देते, १८ ला दाखल.